एन्लार्जरची लेन्स भंगारात घालू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

१९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन झाला, तेव्हा तुमच्या पुरवणीत फोटोग्राफीवर पानभर मजकूर आला होता आणि त्यात किडा-मुंगी, फुलातला पराग असलं जवळून टिपायच्या मॅक्रो फोटोग्राफीवर पण एक चौकट होती. फोटो सुरेख होते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण खाली साहित्याची जी यादी दिली होती, मॅक्रो लेन्स, रिंग फ्लॅश, ट्रायपॉड, फोकसिंग रेल, ती आमच्या वर्कशॉपातल्या अप्रेंटिस पोरानं जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर एकेकाची किंमत बघत बघत वाचली आणि पेपरची घडी घालून डब्याखाली ठेवून दिला. म्हणाला, "काका, नुसती लेन्सच पन्नास हजाराच्या पुढं जातीय, आपलं काम नव्हं हे." पोरगा हुशार आहे, नजर आहे त्याला, दोन वर्षांत ड्रॉइंग बघून जॉब सांगायला लागलाय. त्याचा नाद सुरू व्हायच्या आधीच त्या यादीनं बंद पाडला हे मला दिवसभर खात राहिलं, म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण जुन्या स्टुडिओंतल्या लेन्सांबद्दल पुढं लिहिलंय तेवढं ठेवा, मुख्य सांगायचंय ते तेच आहे.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टर्नर आहे, सोळा वर्षं झाली लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर. चार वर्षांपूर्वी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं नवीन कॅमेरा घेतला आणि जुना कॅनन ६००डी, सोबतची १८-५५ झूम लेन्स धरून, मला ११ हजाराला दिला. मोठा खर्च एवढाच. त्यानंतर चार वर्षांत मॅक्रोसाठी म्हणून जे काय घेतलं त्याची बेरीज अडीच हजाराच्या वर जात नाही आणि त्यातले सातशे तर फ्लॅशच्या सेलमध्येच गेलेत.

मॅक्रो म्हणजे काय हे आधी सरळ सांगतो, कारण मोबाईल कंपन्यांनी हा शब्द कशालाही चिकटवून ठेवलाय. वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा आत सेन्सरवर पडली की ते एकास एक. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद आणि १४.९ उंच आहे. २०११ साली आलेलं रुपयाचं नाणं व्हर्नियरमध्ये, म्हणजे आमच्या बारीक माप घ्यायच्या पट्टीत, धरलं तर २२ च्या जरा आत भरतंय, म्हणजे त्या नाण्यानं फोटो डावीकडून उजवीकडं पुरा भरला आणि वरखाली थोडं कापलं गेलं की समजायचं एकास एक झालं. कुणाला विचारायला जायची गरज नाही, खिशातलं नाणं काढायचं आणि तपासायचं.

आता तिथवर स्वस्तात कसं जायचं. सगळ्यात सोपं म्हणजे आहे तीच लेन्स उलटी लावायची. लेन्स एरवी मोठं दृश्य लहान करून आत पाडते ना, मग उलटी धरली की लहान गोष्ट मोठी करून आत पाडते, एवढंच त्याचं गणित. त्यासाठी रिव्हर्स रिंग मिळते, एका बाजूला कॅमेऱ्याचा माउंट आणि दुसऱ्या बाजूला लेन्सच्या तोंडाचे आटे, मी ती साडेतीनशेला घेतली. घेताना लेन्सच्या तोंडावर लिहिलेला व्यासाचा आकडा बघूनच घ्या, कॅननच्या १८-५५ ला ५८ असतो, निकॉनच्या १८-५५ ला बहुतेक करून ५२. मला पहिल्यांदा एका ऑनलाइन विकणाऱ्यानं ५८ सांगून ५२ ची पाठवली आणि परत घ्यायला तयार झाला नाही, तेव्हा रिंग हातात आल्याआल्या आधी व्हर्नियर लावा मग पाकीट फेका. उलटी लावल्यावर गंमत अशी होते की लेन्स ५५ ला ठेवली तर साधारण नाण्याएवढी जागा दिसते आणि १८ ला नेली तर तांदळाचा एक दाणा आडवा फ्रेमभर होतो. इतकं मोठं तर ती पन्नास हजारवाली लेन्स पण एकटी दाखवत नाही.

अडचणी आहेत, लपवत नाही. लेन्स उलटी झाली की कॅमेऱ्याचा आणि तिचा वायरीचा संबंध तुटतो, मग अ‍ॅपर्चर (आत उजेड सोडणारं पात्यांचं भोक) बदलता येत नाही, ते उघडंच राहतं आणि फोटोत केसाएवढी पट्टी सोडून सगळं धूसर येतंय. कॅननवाल्यांसाठी उपाय असा, की लेन्स सरळ लावलेली असताना या भोकाचा आकडा ८ ला ठेवायचा, माउंटशेजारचं डेप्थ ऑफ फील्ड प्रीव्ह्यूचं बटण दाबून धरायचं आणि बटण तसंच दाबलेलं ठेवून लेन्स काढायची, पाती तिथंच मिटलेली राहतात. मग उलटी करून लावायची. काही मॉडेलला हे बटण वेगळं नसतं, तेवढं घेताना बघून घ्या. निकॉनच्या जी टाइप लेन्सला मागं एक छोटी दांडी असते, ती सोडली की पाती पार मिटतात, म्हणून तिथं कागदाची घडी किंवा काडी सारून पाहिजे तेवढी उघडी ठेवावी लागते. दुसरी अडचण, लेन्सची मागची काच आता पुढं उघडी पडते. तिला ओरखडा गेला तर लेन्स गेली. मी एक जास्तीची मागची प्लास्टिक कॅप घेतली, लेथवर तिचा तळ कापून काढला आणि नुसती कडी फिरवून लावली, काचेला आडोसा झाला. घरात लेथ नसला तरी काही बिघडत नाही, करवतीच्या पात्यानं पण कापता येतंय, कडा तेवढ्या घासून घ्या म्हणजे झालं.

माझा पहिला धड फोटो तुळशीकट्ट्यावर मिळाला. आपल्या भिंतीवर तो राखाडी, उड्या मारत चालणारा कोळी असतो बघा, जाळं न करणारा, पाच-सहा मिलिमीटरचा. रोज बघत होतो आणि रोज झाडूनं बाजूला करत होतो. त्या दिवशी कट्ट्याच्या कडेला दोन्ही कोपर टेकून त्याच्या पुढ्यात लेन्स नेली, चार-साडेचार सेंटीमीटरवर, कारण उलट्या लेन्सला तेवढंच अंतर मिळतंय, आणि तो पळून जायच्या ऐवजी अख्खा वळला आणि लेन्सकडं बघायला लागला. आठ डोळे असतात त्याला, त्यातले चार समोर, मधले दोन मोठे, गोल, गाडीच्या हेडलाइटसारखे. त्या दोन डोळ्यांत आमच्या दाराची चौकट आणि वरच्या आभाळाचा पांढरा तुकडा दिसत होता. मी बघत असतानाच एका डोळ्याचा रंग काळ्याचा तपकिरी झाला आणि परत काळा. नंतर वाचलं तेव्हा कळालं की बाहेरची काच हलत नाही, आतला पडदाच तो फिरवतो, तेव्हा रंग बदलल्यासारखा दिसतो. मागच्या दारातलाच किडा, साहेब. मी त्यादिवशी कामावर अर्धा तास उशिरा गेलो आणि सगळ्यांना मोबाईलवर तोच फोटो दाखवत फिरत होतो.

उजेडाचं थोडं बोलतो, कारण नवीन माणूस लेन्सच्या मागं लागतो आणि अडतो उजेडापाशी. लेन्स इतकी पुढं गेली की आत उजेड कमी येतो, एकास एकला आल्यावर ८ चा आकडा १६ सारखा वागतो, म्हणजे चौथाई उजेड. त्यामुळं फ्लॅश लागतोच. पण तो जुना, हातानं कमीजास्त करायचा, कसलाही चालतो, माझा नऊशेचा आहे. नुसता फ्लॅश मारला तर भुंगेऱ्याच्या पाठीवर ट्यूबलाइटसारखा पांढरा पट्टा उमटतो, रंग जातो सगळा. लग्नपत्रिकेत आत तो पातळ बटरपेपर असतो ना, तो आमच्या घरात लोक फेकायचे, मी आता प्रत्येक पत्रिकेतला काढून ठेवतो. थर्माकोलच्या ताटलीला मधे लेन्सएवढं भोक पाडून ती लेन्सवर चढवायची, वरून फ्लॅशपर्यंत पुठ्ठ्याचं नळकांडं, आतून चांदीचा कागद आणि तोंडाला दोन पदरी बटरपेपर. मिरगाच्या आसपासचे लाल मखमली किडे असतात त्यांची लव न लव या उजेडात दिसते. शटर १/२०० ला ठेवलं की झालं, फ्लॅशचा लखकारा इतका थोडा वेळ असतो की हात जरा हलला तरी फोटो हलत नाही.

आणि फोकससाठी लेन्सची कडी फिरवत बसू नका. आमच्या कामात फिलर गेज असतं, त्यातलं अर्ध्या मिलिमीटरचं पातं हातात घेऊन बघा, एकास एकला आकडा ८ वर तेवढीच जाडी फोटोत स्पष्ट येते, फार तर पाऊण. त्याच्या पुढचं मागचं सगळं धूसर. म्हणून पान डाव्या हाताच्या दोन बोटांत धरायचं, लेन्सचं नाक त्याच डाव्या मुठीवर टेकवायचं आणि श्वास सोडत अख्खं अंग जरा पुढं झुकवायचं, डोळा स्पष्ट झाला की दाबायचं. मूठ आणि लेन्स एकत्र हलतात त्यामुळं वारा असला तरी जमतं. ट्रायपॉडपेक्षा ही मूठ भारी, माझं तरी असंच मत आहे. सकाळी लवकर जा, सूर्य वर यायच्या आत, किडे गारठलेले असतात आणि जागचे हलत नाहीत. रंकाळ्याच्या काठाला, विद्यापीठाच्या आवारात, कळंब्याच्या तळ्याकडं, कुठंही गवत असलं म्हणजे पुरे. पण काहीजण किडा फ्रीजमध्ये ठेवून गार करतात, गोंदानं चिकटवतात, तसलं करू नका. फोटो नाही मिळाला तर नाही मिळाला.

ज्याच्याकडं कॅमेराच नाही त्यानं पण हताश व्हायचं काम नाही. बंद पडलेल्या डीव्हीडी प्लेअरमध्ये, लेसर टॉर्चमध्ये मसूरएवढी एक लेन्स असते, ती केसाला लावायच्या पिनेत धरून मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढं बसवली की मीठाचा खडा चौकोनी दिसतो. ते जमलं नाही तर गुजरीत जावा, सोनार डोळ्याला लावतात तो दहापट दाखवणारा लूप असतो, घड्याळवाले त्याला आयग्लास म्हणतात, साधा दोन-अडीचशेला मिळतो, तो मोबाईलला रबरबँडनं धरा. कडेला फोटो वाकतो पण मधला भाग चांगला येतो. माझी सातवीतली पोरगी असंच करती आणि तिच्या वहीत मुंगीचे सतरा फोटो चिकटवलेले आहेत.

लोक म्हणतील किड्यांचे फोटो काढून काय मिळणार आहे. गेल्या वर्षी माझ्या दाजींनी म्हशींच्या वैरणीला मका केला होता. पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, भोकं पडलेली आणि लाकडाच्या भुशासारखी घाण साचलेली. शेजारपाजारचे कुणी म्हणालं खोडकिडा, कुणी म्हणालं साधी अळी, आणि ज्यानं त्यानं वेगळं औषध सांगितलेलं. मी रविवारी गेलो होतो, पोंगा उलगडून अळी पानावर घेतली आणि उलट्या लेन्सनं डोक्याचा फोटो काढला, मग शेपटाकडचा काढला. डोक्यावर उलटा वाय स्पष्ट, आणि शेवटून दुसऱ्या भागावर चार काळे ठिपके, चौकोनाच्या चार कोपऱ्यांसारखे. २०१८ साली आपल्या देशात आलेल्या अमेरिकन लष्करी अळीची हीच खूण. फोटो कृषी सहायकांना पाठवला, त्यांचा पाच मिनिटात फोन आला आणि काय फवारायचं, कधी, पोंग्यात कसं जायला पाहिजे ते त्यांनी नीट सांगितलं. दाजींचा अर्धा मका तरी वाचला. नुसत्या डोळ्यांनी तो वाय दिसत नाही असं नाही, पण अळी लहान असताना चाळिशी लागलेल्या माणसाला तो दिसणं अवघड आहे आणि अळी लहान असतानाच ओळखली तर उपयोग.

२००२ साली उसावर लोकरी मावा नावाची कीड आली तेव्हा मी शाळेत होतो. उसाच्या पानाच्या खालच्या बाजूला पांढरी पावडर, हात लावला की चिकट, आणि गावात सगळ्यांची तोंडं उतरलेली. तेव्हा शेतकऱ्यांना सांगायचे की त्या माव्यातच डिफा आणि मायक्रोमसच्या अळ्या असतात, त्या मावा खातात, त्यांना मारू नका. पण माझ्या वडलांना त्यातली कुठली अळी मित्र आणि कुठली शत्रू हे शेवटपर्यंत ओळखता आलं नाही, कारण त्यांनी ती कधी मोठी करून बघितलेलीच नव्हती. आता परवा उसात थोडा मावा दिसला तर मी पान घरी आणलं आणि मायक्रोमसची अळी माव्याला चिमट्यात धरून रिकामं करतीय असा फोटो मिळाला. वडलांना दाखवला. त्यांनी मोबाईल हातात घेऊन कितीतरी वेळ बघितला आणि म्हणाले, हिला आम्ही मारत होतो.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहिलंय ते.

उलटी लेन्स सुरुवातीला झकास, पण चार सेंटीमीटरवरून फुलपाखरू, चतुर असले किडे राहत नाहीत, आणि लेन्सचीच सावली पडते. याच्यावर सगळ्यात चांगला स्वस्त तोडगा मला दोन वर्षांपूर्वी पेठेतल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओत सापडला. काका सत्तरीच्या पुढचे, आयुष्यभर ब्लॅक अँड व्हाइट धुतलेले, जागा मुलगा मोबाईलच्या दुकानाला देत होता म्हणून सगळं आवरत होते. डार्करूममध्ये एन्लार्जर उभा होता, अंगावर गोणपाट टाकलेला. एन्लार्जर म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो कागदावर पाडायचं यंत्र, आणि त्याच्या खाली तोंडाला एक ५० मिलिमीटरची लेन्स असते, पेढ्याच्या डबीएवढी. आपली नेहमीची लेन्स लांबचं दिसावं म्हणून बनवतात, ही मुळातच जवळच्यासाठी बनवलेली, निगेटिव्हचा कोपरा न कोपरा कागदावर सारखाच धारदार उतरला पाहिजे म्हणून. तिच्यावर अ‍ॅपर्चरची कडी हातानं फिरवायची, वायर नाही बटण नाही. मॅक्रोला अजून काय पाहिजे? काकांना मी पैसे देत होतो तर त्यांनी घेतले नाहीत, म्हणाले, "हिनं आख्ख्या पेठेची लग्नं काढलीत, तू काय मुंग्या काढणार असशील तर काढ."

तिला कॅमेऱ्यावर बसवायचं काम मात्र आमच्या धंद्यातलं निघालं आणि ते सांगायला मला फार आवडतंय. एक्स्टेंशन ट्यूब म्हणून पोकळ कड्यांचा संच मिळतो, काच नसलेला, १३, २१ आणि ३१ मिलिमीटरच्या तीन, मी चारशेला घेतला. त्याच्या पुढच्या टोकाला कॅमेऱ्याची प्लास्टिकची बॉडी कॅप बसते. कॅपला मधे भोक पाडून त्यात अ‍ॅल्युमिनियमची बुश अ‍ॅराल्डाइटनं बसवायची आणि बुशीत आतून लेन्सचे आटे पाडायचे असा बेत केला. लेन्सचं मागचं तोंड मोजलं, ३९ मिलिमीटर. आटे मोजले तर पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, एक मिलिमीटरच्या जवळ आला, म्हणून एकवर पाडले. लेन्स दोन आटे गेली आणि तिसऱ्याला जाम झाली. जोर केला नाही, उलटी फिरवून काढली. रात्री शोधलं तेव्हा कळालं की या लेन्सचा आटा इंची आहे, इंचाला २६, म्हणजे पिच पडतोय ०.९७७. दुसऱ्या दिवशी मालकांना विचारून कोपऱ्यातल्या जुन्या इंची लेथवर चेंज गिअर बदलून बारचा उरलेला तुकडा परत लावला. या वेळी लेन्स चक्क एका बोटानं फिरत आत गेली आणि तळाशी टच झाली, जरा पण खेळ नाही. तिन्ही ट्यूब लावून स्टीलच्या पट्टीचा फोटो काढला तर फ्रेममध्ये १९ मिलिमीटर बसले, म्हणजे एकास एकच्या पुढं. आणि किड्यापासून अंतर जवळजवळ दुप्पट, आठ-नऊ सेंटीमीटर. पट्टीवरच्या रेघा मधल्या जेवढ्या धारदार तेवढ्याच कोपऱ्यातल्या. १८-५५ नं मला हे कधीच दाखवलं नव्हतं. लेथ नसेल तर ३९ च्या आट्याची तयार रिंग पण विकत मिळते, महाग नाही. मला याहून मोठं पाहिजे असेल तर मी हीच लेन्स उलटी बसवतो, पण ते नंतरचं.

यानंतर चार महिन्यांनी दुसऱ्या एका जुन्या स्टुडिओचा एन्लार्जर गेला असं कळालं म्हणून मी भंगारवाल्याकडं पळत गेलो. त्यानं खांब आणि हेड वेगळं करून अ‍ॅल्युमिनियम एका बाजूला, लोखंड एका बाजूला केलेलं. लेन्सची कडी पितळेची असेल म्हणून छिन्नी मारून फोडलेली होती. काचेचे तुकडे अजून आत होते, निळसर कोटिंगचे. दोन लेन्स होत्या, एक ५० आणि एक ७५ ची, मोठ्या निगेटिव्हसाठी लावतात ती. भंगारवाल्याचा काही दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. स्टुडिओवाल्यांनाही वाटत असणार की फिल्म गेली, आता ह्याचा कुणाला उपयोग. त्या दिवशी मला खरंच रडू आलं. ज्या लेन्ससाठी आमचा अप्रेंटिस जीव टाकेल ती शंभर ग्रॅम पितळ म्हणून गेली.

आपलं गाव कॅमेरा बनवणारं गाव आहे साहेब. खरी कॉर्नरवरनं जाताना कॅमेऱ्याचा मानस्तंभ रोज दिसतोय. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच तयार करायचं मनावर घेतलं, आनंदराव १९१६ साली गेले, तरी बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली तो पुरा केला आणि त्याच्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचे सिनेमे निघाले. महायुद्धाच्या दिवसांत बाहेरून यंत्र येणं अवघड होतं म्हणून ते थांबले नाहीत, सुटे भाग कातून, घासून बसवले. मेस्त्री घराण्यातली माणसं ती. आज उद्यमनगरात तसलेच हात हजारांनी आहेत आणि लेन्सा पेठांतल्या बंद खोल्यांत पडून आहेत. दोघांची गाठ पडत नाही एवढंच.

म्हणून तुमच्याकडं मागणं आहे. पेपरात चार ओळी छापा, की ज्यांच्याकडं जुने एन्लार्जर, झेनिट किंवा पेंटॅक्सच्या काळातल्या फिल्म कॅमेऱ्यांच्या लेन्सा असतील त्यांनी त्या भंगारात न घालता ओळखीतल्या एखाद्या शिकणाऱ्या पोराला, शाळेच्या विज्ञानाच्या सरांना नाहीतर बाईंना द्याव्यात, फुकट नको असेल तर पाच-सातशेला द्याव्यात. झेनिटच्या बहुतेक लेन्सांचा आटा ४२ चा, पिच सरळ एक मिलिमीटर, कॅननला तर नुसत्या पातळ रिंगनं बसते. आणि दुसरं, पुरवणीत महिन्यातून एकदा वाचकांनी स्वतःच्या घराच्या, परड्याच्या, शेताच्या आवारात काढलेला एक जवळचा फोटो छापा, त्याखाली कशानं काढला आणि किती खर्च आला ते लिहा. महागड्या लेन्सच्या यादीपेक्षा ती ओळ पोरं आधी वाचतील. आमच्या अप्रेंटिसला मी माझी जुनी रिव्हर्स रिंग दिलीय, कॅमेरा तो आत्याच्या मुलाचा आठवड्यातून एकदा मागून आणतो. परवा त्यानं मिलिंगच्या कटरच्या दाताचा फोटो काढला, दाताची झिजलेली कड इतकी साफ दिसत होती की मालकांनी तो कटर बाजूला काढायला सांगितला.

स्टुडिओवाल्या काकांनो, मावश्यांनो, लेन्स द्यायच्या आधी एकदा टॉर्चचा उजेड तिच्यातून आरपार सोडून बघा. आपल्या पावसात बंद खोलीत राहिली की आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात. थोडी असली तर फोटोत काही फरक पडत नाही, तेवढ्यासाठी टाकू नका, कोरड्या डब्यात नव्या बुटांबरोबर येणाऱ्या सिलिकाच्या पुड्या घालून ठेवा, बाकीच्या लेन्सांपासून वेगळी. आणि एन्लार्जरवरून काढताना पक्कड लावू नका. खालून बघत घड्याळाच्या उलट्या दिशेला फिरवायची, वर्षानुवर्षं घट्ट बसलेली असली तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा भोवती गुंडाळून धरा आणि हळू हळू जोर द्या, सुटते.

आपला वाचक,
एक टर्नर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर